मदत हवी आहे: गावच्या अभ्यासिकेची संस्था नोंदवतोय, १२ए-८०जीसाठी घटनेत काय असावं?

दुष्काळी_खटाव

मंडळी, नमस्कार. खटाव तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही नऊ जण दोन खोल्यांत अभ्यासिका चालवतो. पोलीस भरती, तलाठी, एमपीएससी करणारी चाळीसेक मुलं-मुली पहाटेपासून येऊन बसतात. वीजबिल, पुस्तकं, इन्व्हर्टर सगळं वर्गणीतून, आणि वर्गणी आजवर माझ्याच बचत खात्यावर. बायको म्हणते, उद्या कुणी हिशेब विचारला तर दाखवणार काय? खरं आहे तिचं.

त्यात पुण्यातला एक गाववाला २५,००० द्यायला तयार झाला, पण ८०जीची (देणगीवर आयकरात सूट मिळण्याची) पावती हवी म्हणाला. त्याच्या कंपनीतल्या सीएसआरवाल्यांनी (सामाजिक कामाला निधी देणाऱ्या विभागाने) तर १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी, सीएसआर-१ (असा निधी घेण्याची नोंदणी) अशी यादीच धाडली.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका एजंटाने तयार घटना (संस्थेचे उद्देश आणि नियम) हातात ठेवली, फक्त सह्या करा म्हणे. उद्देश ४१! गोशाळा, सामुदायिक विवाह, कुक्कुटपालन, मत्स्यबीज (आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो हो). अभ्यासिका हा शब्द मात्र कुठेच नाही. वर गावातली वडीलधारी मंडळी म्हणतात की हरिनाम सप्ताहही यातच घाला, दोन पावतीपुस्तकं कशाला?

तर ही घटना घ्यावी का? सप्ताह घातला तर अडतं का? आणि खोल्या आमच्या खजिनदाराच्या वडिलांच्या आहेत, महिना ४,००० भाडं देतो. ते चालेल ना?

कोरडवाहू

सही करू नका. बाकी जाणकार सांगतील.

ताळेबंद

बरं झालं सहीआधी विचारलंत. हे काम मी बरीच वर्षं करतोय. फॉर्म कुणीही भरून देतो, घोडं घटनेतच अडतं.

तुम्ही नऊ जण आहात, म्हणजे १८६०च्या सोसायटी कायद्याला लागणारे सात सहज झाले. महाराष्ट्रात त्याच संस्थेची सार्वजनिक न्यास म्हणून १९५०च्या कायद्याखालीही नोंदणी लागते. दोन्ही कामं धर्मादाय आयुक्तांच्याच कार्यालयात होतात. कंपनी कायद्याच्या कलम ८ची ना-नफा कंपनीही काढता येते, पण गावच्या अभ्यासिकेला तो सोस नको.

उद्देश पाच-सहाच ठेवा, आणि पहिला अभ्यासिका व वाचनालय. नियमित नोंदणीच्या वेळी आयकर अधिकारी उद्देश एका हातात आणि तुमचे खर्चाचे कागद दुसऱ्या हातात घेऊन बसतो. मत्स्यबीजाचं काय केलंत विचारलं तर सांगणार काय? विसर्जनाचं कलम नीट वाचा. संस्था बंद पडली तर उरलेली मालमत्ता सभासदांत वाटली जाणार नाही, तशाच हेतूच्या दुसऱ्या संस्थेला जाईल, हे स्पष्ट हवं.

सप्ताह वेगळा ठेवा. ८०जी असलेल्या संस्थेला धार्मिक कामावर वर्षाच्या उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंतच खर्च चालतो. गावचा सप्ताह आणि काल्याचा महाप्रसाद त्यात बसेल का, तुम्हीच सांगा. ‘अमुक समाजाच्या मुलांसाठी’ असले शब्दही घटनेत नकोत.

आयकराकडे १०ए फॉर्म भरला की तात्पुरती नोंदणी तीन वर्षांची मिळते. फार चौकशी होत नाही, म्हणून लोक तिथेच पेढे वाटतात आणि पुढचं विसरतात. काम सुरू झाल्यापासून सहा महिन्यांत, किंवा तीन वर्षं संपायच्या सहा महिने आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा १०एबी भरायचा. खरी तपासणी तिथे. हे १२ए आणि ८०जी दोन्हींसाठी वेगवेगळं करायचं. एप्रिल २०२६पासून आयकराचा नवा कायदा लागू झालाय; १२ए, ८०जी, १०ए, १०एबी ही जुन्या कायद्यातली नावं, कलमांचे आणि फॉर्मचे आकडे बदललेत, तेव्हा भरताना बघून घ्या.

भाड्याचं म्हणाल तर, खजिनदाराचे वडील म्हणजे कायद्याने संबंधित व्यक्ती. बाजारभावापेक्षा जास्त भाडं गेलं तर करमाफी अडचणीत येते. लेखी करार करा, गावातल्या तशाच खोल्यांचं भाडं नोंदवून ठेवा, आणि ठराव होताना खजिनदाराने बाजूला बसावं. फुकट दिल्या तर प्रश्नच मिटला.

पुण्याच्या दात्यालाही सांगा: जुनी करप्रणाली घेतली असेल तरच ८०जीचा फायदा, तोही देणगीच्या निम्म्या रकमेवर, आणि २,०००च्या वर रोख दिलेली चालत नाही. नुसती पावती पुरत नाही. ३१ मेच्या आत संस्थेने १०बीडी (देणग्यांचं विवरण) भरलं की पोर्टलवरून त्याचा दाखला निघतो. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये. सीएसआरचं मात्र आत्ता डोक्यातून काढा, तिथे त्याच कामाचा तीन वर्षांचा अनुभव मागतात.

ग्रंथपाल_सुट्टीवर

एक गोष्ट वर राहून गेली. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज टाका. आमच्या वाचनालयात दोन निवडणुका झाल्या, अर्ज एकदाही गेला नाही. कागदावर अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव, त्यांचं वर्षश्राद्धही होऊन गेलं होतं. बँकेने नव्या सह्या घ्यायला नकार दिला, आणि वीजबिल आम्ही सात महिने खिशातून भरलं. विलंब माफीचा अर्ज, मृत्यूचा दाखला, जुन्या सभांची इतिवृत्तं... दोन सभांची इतिवृत्तं लिहिलेलीच नव्हती. इतिवृत्ताची वही आजच विकत घ्या, नोंदणीची वाट बघू नका.

दुष्काळी_खटाव

ताळेबंद काका, ग्रंथपाल दादा, मनापासून आभार. घटना परत केली. एजंट म्हणाला, सगळे असंच करतात. सप्ताहाचं पावतीपुस्तक वेगळंच राहील, थोरल्यांची समजूत घातली. खजिनदाराचे वडील भाडं सोडायला तयार नाहीत, पण करार करतील.

एकच शेवटचं. आमचा एक मित्र न्यू जर्सीला आहे, हजार डॉलर पाठवतो म्हणतो. घेऊ का?

ताळेबंद

पासपोर्ट कुठला ते आधी विचारा. भारतीय असेल आणि स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवत असेल, तर ती विदेशी देणगी धरत नाहीत. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांचं) कार्ड असलं तरी तो विदेशी स्रोत. मग एफसीआरए (विदेशी देणगीच्या कायद्याच्या) नोंदणीशिवाय एक रुपयाही नको, आणि तिला तीन वर्षांचं काम नि १५ लाखांचा खर्च दाखवावा लागतो. ‘माझ्या खात्यावर घेतो आणि संस्थेला देतो’ हेही नको, तेही त्यातच येतं.

दुष्काळी_खटाव

विचारलं. मागच्याच वर्षी अमेरिकेच्या नागरिकत्वाची शपथ घेतली म्हणे. दिवाळीला गावी आला की पोरांना दोन गोष्टी सांग, एवढंच त्याला कळवलंय.