तुलाँ १९४२: फ्रेंच आरमार नेमकं कोणाचं?

तांडेल
२७ नोव्हेंबर १९४२ च्या पहाटे जर्मन फौज दक्षिण फ्रान्समधल्या तुलाँच्या गोदीत घुसली आणि तिथल्या फ्रेंच आरमाराचा प्रमुख अ‍ॅडमिरल लाबोर्दने हुकूम सोडला: बुडवा. सत्तराहून जास्त जहाजं स्वतःच्याच खलाशांनी तळाला घातली. याला बाणेदारपणा म्हणणारे पुष्कळ आहेत. मला हा निव्वळ हेका वाटतो. ८ नोव्हेंबरला दोस्तसैन्य उत्तर आफ्रिकेत उतरलं होतं. हे आरमार ज्याने उभं केलं तो फ्रेंच अ‍ॅडमिरल दार्लाँ खुद्द अल्जियर्सहून ‘इकडे निघून या’ म्हणत होता. लाबोर्द ढिम्म. आरमार जर्मनांना द्यायचं नाही, इंग्रजांकडे न्यायचं नाही. मग ठेवलं होतं कशाला, पूजेला?

शंकेखोर
इंग्रजांचं वावडं का, ते बरोब्बर गाळलंत! ३ जुलै १९४०, अल्जीरियात ओरानजवळचं मर्स-अल-केबीर, फ्रेंच आरमाराचा तळ. फ्रान्सने शस्त्रं ठेवून दोन आठवडेही झाले नव्हते. कालच्या दोस्ताने बंदरात उभ्या जहाजांवर तोफा डागल्या. १,२९७ फ्रेंच मेले, सगळ्यात जास्त एकट्या ‘ब्रतान्य’ युद्धनौकेवर. त्यानंतर कुठल्या तोंडाने त्यांच्याकडे जायचं? आणि जहाज परक्याच्या हाती पडण्याआधी बुडवा, हा दार्लाँचाच जून १९४० चा गुप्त हुकूम. लाबोर्दने तो अक्षरशः पाळला. फ्रेंच जहाजं जर्मनांना मिळणार नाहीत हा शब्द इंग्रजांनाच दिलेला होता, आणि तो खरा करून दाखवला.

तांडेल
केबीरला तोफा डागण्याआधी पर्याय दिले होते. आमच्याबरोबर लढा, मोजक्या खलाशांनिशी ब्रिटिश बंदरात या, वेस्ट इंडीजला जा, नाहीतर सहा तासांत बुडवा. तिथला फ्रेंच अ‍ॅडमिरल झाँसूल, त्याने वरिष्ठांना कळवताना वेस्ट इंडीजचं नावच काढलं नाही! इंग्रजांकडून बोलणी करायला आलेला हॉलंड पॅरिसमध्ये राहिलेला, फ्रेंच उत्तम बोलणारा. पण हुद्द्याने कॅप्टन, म्हणून अ‍ॅडमिरलसाहेब भेटेनात. भेटले तेव्हा दुपार टळून गेली होती. हजारावर माणसं मानापमानापायी गेली.

मंदाकिनी
त्याच दिवसांत अलेक्झांड्रियात काय झालं तेही बघा. तिथे फ्रेंच अ‍ॅडमिरल गोदफ्रुआ आणि ब्रिटिशांचा अ‍ॅडमिरल कनिंगहॅम दोघेही डोकं शांत ठेवून बोलत राहिले. फ्रेंचांनी इंधन काढून टाकलं, तोफा निकामी केल्या. एकही गोळी सुटली नाही. इंग्रज तेच, फ्रेंच तेच.

शंकेखोर
ताई, तोच गोदफ्रुआ १९४३ पर्यंत तिथे हातावर हात ठेवून बसला. तांडेलांच्या मापाने तोही हेकेखोरच ठरतो. केबीरला ब्रिटिश ताफ्याचा प्रमुख सॉमरव्हिल, त्यालाही गोळीबार नको होता, पण लंडनहून घाई चालली होती. सगळा दोष झाँसूलच्या माथी मारू नका.

उगाच
मधेच तोंड घालतो. तुलाँमधून त्याच पहाटे ‘कासाबियांका’ पाणबुडी निसटली आणि अल्जियर्सला पोचली. कॅप्टन लेर्मिनिए. पुढे तिने कॉर्सिकात माणसं आणि हत्यारं उतरवली. म्हणजे जायचं असेल त्याला वाट होती.

शंकेखोर
पाणबुडीची गोष्ट वेगळी. ‘स्ट्रासबुर्ग’सारख्या युद्धनौकेचे बॉयलर तापून पुरती वाफ व्हायला तास-तास लागतात. जर्मन फाटकात आल्यावर तेवढा वेळ होता कुणाकडे?

तांडेल
फाटकात आल्यावर नव्हता, मान्य. दार्लाँने बोलावलं ११ तारखेला, जर्मन आले २७ ला. मधल्या सोळा दिवसांत वाफ होत नाही असं कुठल्या बॉयलरचं म्हणणं आहे?

शंकेखोर
बोलावणारा दार्लाँ कोण हो तेव्हा? जर्मनांपुढे शस्त्रं ठेवलेल्या फ्रेंच सरकारचा प्रमुख पेताँ, कालपर्यंत त्याचा उजवा हात, अमेरिकनांच्या ताब्यात गेल्यावर एका रात्रीत दोस्तांचा. पेताँने तर त्याला झिडकारलं होतं. लाबोर्दने शपथ घेतली ती पेताँची. वरिष्ठ फिरला की खालच्यानेही फिरायचं, असं असेल तर उद्या कुठल्याच आरमारात हुकूम चालायचा नाही.

मंदाकिनी
म्यूझलिएही अ‍ॅडमिरलच होता की. तो १९४० मध्येच लंडनला जाऊन, जर्मनांशी लढा चालू ठेवणाऱ्या द गॉलला मिळाला, पेताँच्या सरकारने त्याला मृत्युदंड ठोठावला. लाबोर्दला १९४७ मध्ये तीच शिक्षा स्वतंत्र फ्रान्सने सुनावली, नंतर ती कमी केली. त्याचं काय म्हणता, शंकेखोर?