ट्रायम्फ स्टॅगवरची ‘टी’ पट्टी
डोक्यावरच्या ‘टी’ आकाराच्या पट्टीमुळे ट्रायम्फ स्टॅग या जुन्या ब्रिटिश मोटारीचे रूप बिघडले, हे मत मला पटत नाही. ट्रायम्फ २००० या सेडानच्या आधारे इटालियन मोटार-रेखाटनकार जोव्हान्नी मिकेलॉत्ती यांनी ही चार आसनी उघडी गाडी रेखाटली. पक्के छत नसल्याने सांगाडा थरथरू नये म्हणून समोरच्या काचेची चौकट मागच्या कमानीला जोडणारी ही पट्टी आली आणि तिनेच गाडीला स्वतःची ओळख दिली. मला खरी भुरळ पडते ती दारामागे हलकेच उंचावून शेपटीकडे उतरणाऱ्या रेषेची. १९७० ते १९७७ या काळात निघालेल्या या गाडीचे ३ लिटरचे व्ही-८ (आठ सिलिंडरचे) इंजिन तापण्याबद्दल बदनाम झाले, हे खरेच. पण तो दोष रेखाटनाच्या माथी मारू नये.