खिळे जुळवणारे शिकले, मग गिरणीवाले का नाही?

गॅलीप्रूफ: एआयनं नोकऱ्या जाणार म्हणून जो तो गळा काढतोय, आणि चर्चा फिरून फिरून गिरणगावावर येते. मला छापखान्यातले कंपोझिटर आठवतात, शिशाच्या अक्षरांचे खिळे हातानं जुळवून मजकूर उभा करणारे. त्यांचं नाव कुणी काढत नाही.

ऐंशीच्या दशकात मी पुण्यात प्रूफं तपासायचो. देवनागरीची केस, म्हणजे खिळे ठेवायची खणांची पेटी, तिला इंग्रजीच्या कितीतरी पट घरं. अर्धा श, अर्धा ष, द्य, द्ध, सगळ्यांच्या जागा वेगळ्या. माणसाची नजर कॉपीवर, उजवा हात न बघता घरात जायचा आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये, म्हणजे ओळ जुळवायच्या पट्टीत, ओळ उभी राहायची, तीही उलटी. छापून झालं की तेच खिळे परत ज्याच्या त्याच्या घरात. हात बसायला वर्षं जायची. नव्वदच्या सुमारास डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं आलं आणि बघता बघता केसेस भंगारात, शिसं किलोवर. ना संप, ना मोर्चा. आमच्याकडचे दोघे श्रीलिपी आणि पेजमेकर ही त्यासाठीची सॉफ्टवेअर शिकले. चाळिशी ओलांडलेली, सातवी-आठवीपर्यंत शिकलेली माणसं. एकानं पुढे स्वतःचं डीटीपी सेंटर टाकलं.

ज्याला शिकायचं असतं तो शिकतो. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतले अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा भिवंडी-इचलकरंजीत यंत्रमाग धडधडत होते. पुढाऱ्यांना ते दिसत नव्हते?

साचेखातं: दिसत होते. आमच्या चाळीतले निम्मे विणकर नंतर तिथेच गेले.

साहेब, विणकराला मागावर नवीन काय शिकायचं होतं? धोटा तोच, सूत तेच. फरक एवढाच की भिवंडीत बारा तासांची पाळी, पैसे मीटरवर, पीएफ नाही आणि आजारी पडलं तर ईएसआय, म्हणजे कामगार विमा नाही. संपाच्या काळात गिरणीमालक यंत्रमागांवरून कापड विणून घेत होते. म्हणजे काम कुठे गेलंच नव्हतं, त्याचा पगार गेला. आणि संप काही यंत्रांविरुद्ध नव्हता. पगार, बोनस, गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतलेल्या बदली कामगारांना कायम करणं, आणि मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानं एकाच युनियनला दिलेली मक्तेदारी, या मागण्या होत्या.

कोकणस्टॉप: गॅलीप्रूफ, दोघे शिकले म्हणता. कितीजणांपैकी?

गॅलीप्रूफ: सहा होते. एक बाइंडिंगला गेला, एक ट्रेडलवर, म्हणजे छोट्या छपाईयंत्रावर लग्नपत्रिका छापत राहिला. उरलेल्यांशी संपर्क राहिला नाही. पण दोघे शिकले, हे तर खरं?

श्रीलिपीवाली: खरं आहे, आणि त्यांना शिकवणाऱ्या मुलींपैकी मी एक. टायपिंगची परीक्षा पास होऊन डीटीपीला लागले. विशीतली मुलगी निम्म्या पगारात मिळत होती, त्यामुळे मालकाला कंपोझिटरची गरज उरली नव्हती.

तरी आमच्याकडचे काका टिकले. मला कीबोर्ड यायचा, पण समास किती सोडायचा, ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा, शीर्षकाखाली किती मोकळं ठेवायचं, हे त्यांना यायचं. मागे खुर्ची टाकून बसायचे आणि स्क्रीनवर बोट ठेवून म्हणायचे, "ही ओळ सैल पडलीय, एक शब्द वर घे." मी तोवर मॅटर नुसतं ओतत होते. दुपारी मी जेवायला गेले की ते माउस धरून बघायचे. मालकानं सहा महिने त्यांचा पूर्ण पगार चालू ठेवला. जुनं ज्ञान नव्या यंत्रावर चाललं आणि शिकेपर्यंत घरची चूल चालू राहिली. नुसत्या इच्छेनं झालं असतं तर सहाही शिकले असते.

परळची_लेक: बायका कुणालाच आठवल्या नाहीत का? वाइंडिंग आणि रीलिंग या सूत गुंडाळायच्या खात्यांतल्या बाया संपाच्या कितीतरी आधी कमी होत गेल्या. त्यांच्यासाठी कुठे सभा झाल्याचं ऐकलंय? गिरणगावातल्या कितीतरी घरांत खानावळी चालायच्या, कामगारांना उधारीवर जेवू घालायचं आणि किराण्यासाठी सावकाराकडे जायचं. प्रेमाताई पुरवांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, तेव्हा या खानावळवाल्या बायकांना बँकेचं कर्ज मिळायला लागलं. संपात जेवणारेच गावी गेले, उधारी वहीतच राहिली.

पासबुक: मी राष्ट्रीयीकृत बँकेतून निवृत्त. आमच्या संघटनांचाही संगणकाला कडवा विरोध होता. पण 1983 मध्ये यांत्रिकीकरणाचा करार झाला, पुढे आणखी झाले. लेजर लिहिणारे लोक टर्मिनलवर बसले, संगणक आला म्हणून कुणाला घरी पाठवलं नाही. टप्प्याटप्प्यानं घ्यायचं असतं. गिरण्यांत ताणलं आणि तुटलं. गॅलीप्रूफ यांच्याशी मी सहमत.

साचेखातं: तुमच्या मालकाला शाखा पाडून मॉल बांधायचा नव्हता. गिरण्यांखालची जमीन कापडापेक्षा महाग झाली, तिथे तडजोड कुणाशी करणार? 1991 च्या विकास नियमावलीत नियम 58 आला. गिरणीची जागा विकसित करायची तर एक तृतीयांश मोकळी, एक तृतीयांश घरांसाठी, उरलेली मालकाला. 2001 मध्ये त्यात बदल झाला: वाटणी फक्त रिकाम्या भूखंडाची, बांधकाम उभं असलेली जमीन वगळून. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. कामगारांच्या घरांची पहिली मोठी सोडत 2012 ला, म्हणजे संपानंतर तीस वर्षांनी. चाव्या घ्यायला वारस आले.

गॅलीप्रूफ: जमिनीचं राजकारण मला ठाऊक आहे. पण हिंजवडीतल्या पोराच्या ऑफिसखाली अशी जमीन नाही आणि त्याला युनियनही नाही. त्यानं शिकण्याशिवाय दुसरं काय करायचं?

बेंचवर: हिंजवडीतला पोरगा मीच, वय 41. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. हातानं टेस्टिंग करायचो, ऑटोमेशन शिकलो. आता त्या स्क्रिप्ट एआय लिहितं. कंपनी कोर्स फुकट देते, पण प्रोजेक्टचे तास भरल्यावर, म्हणजे रात्री अकरानंतर. ईएमआय थांबत नाही.

श्रीलिपीवाली: तुमच्या कामातलं यंत्राला न येणारं असं काय आहे?

बेंचवर: क्लायंटला नेमकं काय हवंय, ते त्याच्या तोंडून काढणं. पण ते आमच्याकडे मॅनेजर करतो, आणि या खेपेच्या कपातीच्या यादीत त्याचंही नाव आहे.