लाळ गळली म्हणजे लाळ्या-खुरकूतच असं नाही

'जनावराची लाळ गळतेय म्हणजे लाळ्या-खुरकूत (ताप आणि तोंडात-खुरांत फोड आणणारा गुरांचा साथीचा रोग)' असं बरेचजण म्हणतात, ते दरवेळी खरं नसतं. करवीर तालुक्यात आमच्या म्हशीनं उसाच्या हुमणीसाठी (मुळं खाणारी अळी) क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक कालवलेली बादली चाटली. थोड्याच वेळात लाळेची धार, पातळ शेण, मांड्या थरथरायला लागल्या. ताप नाही, तोंडात फोड नाहीत, डोळ्यांच्या बाहुल्या मात्र पार बारीक. (बाहुल्या बघायचं आमच्या ध्यानातही नव्हतं, डॉक्टरांनी बॅटरी मारून दाखवल्या.)

या विषावरच्या ॲट्रोपिन या औषधानं लाळ आटली, धाप कमी झाली, पण थरथर तशीच! स्नायूंच्या थरथरीवर ते औषध चालतच नाही. त्याला प्रालिडॉक्झिम हे दुसरं औषध लागतं, तेही लवकर. उशीर झाला की विष नसांचे संदेश आवरणाऱ्या एन्झाइमला कायमचं चिकटून बसतं. म्हैस वाचली, पण पुढं काही दिवस गव्हाणीपाशी नुसती उभी असायची, हाक मारली तरी कान हलवायची नाही.