प्रतिसाद : माहितीची पुस्तकं आणि कंटाळा

'माहितीचं पुस्तक दोन पानांत कंटाळा आणतं, दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना गोष्टीच द्या' हे वरचं मत अर्धंच पटलं. कंटाळा येतो तो पहिल्या पानापासून वाचायला लावल्यामुळे. असं पुस्तक मधूनच उघडायचं असतं : आधी चित्र, मग चित्राखालची ओळ, वाटलं तर शेजारचा परिच्छेद. शेवटची सूची (कुठला शब्द कुठल्या पानावर, ती यादी) वापरायला शिकवा. पुस्तकात सूचीच नसेल तर विकत घेऊ नका (मराठीत बहुधा नसतेच, हे दुखणं वेगळं).

बडोदेकरांच्या हाताशी तर सयाजीबागेतलं म्युझियम आहे. तिथला मही नदीच्या मुखाशी सापडलेला निळ्या देवमाशाचा सांगाडा सुमारे ७० फुटी आहे. जायच्या आदल्या दिवशी देवमाशाची दोनच पानं वाचा आणि गच्चीवर २१ मीटर सुतळी पसरा, दर मीटरला गाठ मारून. 'सत्तर फूट' हा आकडा मुलाला नुसता ऐकून कळत नाही, सुतळीच्या कडेनं चालल्यावर कळतो. तिथे गेल्यावर जबड्यात दात शोधायला सांगा. सापडत नाहीत. मग मुलं घरी येऊन पुस्तकाच्या सूचीत 'दात' स्वतःच शोधतात. दातांच्या जागी खाणं गाळायच्या झालरी असतात आणि त्या नखांसारख्या द्रव्याच्या, हाडाच्या नव्हेत, हे त्या पानावर मिळतं.

आणखी एक, गुजराती माध्यमातल्या मुलांसाठी. मराठी वाचताना ती ख, ज, झ, फ, ब वर अडखळतात, कारण त्यांची गुजराती वळणं निराळी. ते अज्ञान समजून पुस्तक बदलू नका, चित्राखालच्या ओळी मोठ्यानं तुम्ही वाचा.