विरोधापुढे उभे राहताना देवावरचा विश्वास कसा उपयोगी पडतो?

गिरणाकाठ (प्रश्न):
आमच्या गावातील परवानाधारक देशी दारूचे दुकान बंद व्हावे, म्हणून आम्ही काही महिला मतदानाच्या मागणीसाठी सह्या गोळा करीत आहोत. निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी आडव्या बाटलीला, म्हणजे दुकानबंदीच्या चिन्हाला, कौल दिला, तर दुकान बंद होते. नियमाबद्दल माझ्या मनात शंका नाही. परंतु दुकानदार आमच्या भाऊबंदांपैकीच असल्यामुळे कानबाईच्या रोटांना, म्हणजे खानदेशात श्रावणात भाऊबंद मिळून करतात त्या देवीच्या उत्सवाला, आम्हाला बोलवायचे नाही, असे आता उघड बोलले जाऊ लागले आहे. सासूबाई म्हणतात, देवावर भार टाक आणि गप्प बस. श्रद्धा माझीही आहे; पण सप्ताहात दरवर्षी अन्नदान करणाऱ्या त्या दुकानदाराचीही आहे. मग देव माझ्या पाठीशी आहे, हे मी कशाच्या आधारे मानावे?

बोरीकाठ, अमळनेर:
ताई, आमच्या अमळनेरला पूर्वी शिक्षक राहिलेल्या साने गुरुजींपुढे १९४७ साली हाच पेच होता. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला खुले व्हावे, म्हणून त्यांनी १ मे रोजी उपोषण सुरू केले, तेव्हा विरोधात नास्तिक नव्हते, तर त्याच विठ्ठलाची पिढ्यान्‌पिढ्या पूजा करणारे बडवे होते. त्याआधी गुरुजींनी महाराष्ट्रभर हिंडून लोकमत तयार केले होते. विठ्ठलावर भार टाकून ते घरी बसले नव्हते. उपोषण १० मे रोजी सुटले. देव कोणाच्या बाजूचा, हा वाद त्यांनी घातला नाही. देवाच्या दारातून कोणाला हाकलले जात आहे, एवढेच पाहिले. आपणही दारूमुळे कोणाच्या घरची चूल विझते आहे, ते पाहावे.

निवृत्त शिक्षक, धुळे:
उदाहरण योग्य आहे, पण गुरुजींना यश मिळाले म्हणून आपल्यालाही मिळेल, असे त्यातून निघत नाही. १९३२ साली येथील तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली आणि ती साने गुरुजींनीच लिहून घेतली. फळाची आसक्ती सोडून कर्म करावे, हे त्यांतले सूत्र मला येथे अधिक उपयोगी वाटते. मतदानात हार झाली तरी हे काम करावेसे वाटेल का, असे स्वतःला विचारावे. उत्तर होय असेल, तर विश्वास पक्का आहे. मात्र सह्यांसाठी एकटीने फिरू नये. श्रद्धा असणे म्हणजे बेसावध राहणे नव्हे.

तापीमाय, रावेर:
रोटांविषयी कोणी बोलले नाही, म्हणून लिहिते. बाईमाणसाला हीच धमकी सर्वांत जास्त लागते, हे भाऊबंदांना नेमके ठाऊक असते. तरीही कानबाई ही काही त्यांची एकट्यांची नाही. बोलावले नाही, तर आपल्या घरी नारळ मांडून मनोभावे पूजा करावी आणि पुढल्या वर्षी बोलावले, तर मनात अढी न ठेवता जावे. सासूबाईंचे बोलणे भीतीपोटीचे दिसते, विरोधाचे नव्हे. त्याही मतदार आहेत ना? त्यांची सही मागितली का?