मदत हवी आहे: मुलांच्या खाऊसाठी पुठ्ठ्याची डबी

नमस्कार मंडळी. मी इंदूरची. घरी नाचणीचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या आणि भाजलेले चणे करून विकते. मुलं मात्र घरच्या खाऊला नाक मुरडतात आणि चकचकीत पुडी दिसली की धावतात. म्हणून डबीच अशी हवी आहे की मूल आपणहून हात घालेल.

त्या चकचकीत पुड्यांत प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमचे थर घट्ट चिकटलेले असतात, ते सुटे करणं फार अवघड. आमच्या गावात घरोघरी ओला-सुका वेगळा करतात. तिथे माझ्याच खाऊचा असा कचरा व्हावा, हे मनाला पटत नाही.

मनात आहे ती लॅमिनेशन नसलेली साध्या पुठ्ठ्याची डबी. खाऊ संपला की रेघांवर कापून, दुमडून तिचा हत्ती किंवा मोर करायचा. आतल्या बाजूला नाचणीच्या कणसाचं चित्र, म्हणजे आपण काय खातोय ते मुलांना कळेल.

अडचण तुपाची आहे. लाडवाचं तूप पुठ्ठ्यात उतरलं की तो पुठ्ठा रद्दीतही जात नाही. तूप अडवणारा, पण प्लास्टिकचा थर नसलेला कागद कोणी वापरलाय का? खाण्याच्या डबीला कोणती शाई चालते? 200 डब्या छापून देणारं इंदुरात कोणी आहे का? आणि पावसाळ्यात चणे कुरकुरीत राहायला तुम्ही काय करता?